तेल समजा

सकाळी आठ. हिप्परग्याचा तलाव. थंडी.
मी बारा माणसांना सांगते :
समजा, पाइपलाइन फुटली.
समजा, ओढ्याच्या तोंडातून डिझेल उतरलं.
समजा, ही चार पोती चुरमुरे म्हणजे तेल.

शौकत विचारतो, "मॅडम, मग फरसाण म्हणजे काय?"
हसू देते. खरं तेल पाण्यात ओतता येत नाही,
आणि चुरमुरे तरंगतात, पसरतात, वाऱ्याचं ऐकतात.
मंगळवार पेठेत वाण्यानं बिल करताना विचारलं होतं,
कार्य कुणाकडचं?

पहिली फेरी.
नारिंगी बूम किनाऱ्यावरून पाण्यात सरकते,
जाड, आळशी, पोटाखाली साखळी.
दोन होड्या, दोन दोर, माझ्या हातात वॉकी,
नकाशावर बाण : वारा पश्चिमेचा.
इराप्पा भोई आज जाळं सोडून आमच्या होडीवर.
तो नकाशाकडे बघतसुद्धा नाही.
"दहाला वारं फिरतंय की."
मी म्हणते, बघू.

दहाला वारं फिरतं.
सगळं पांढरं एका अंगाला गोळा होतं, बूमला टेकतं,
आणि बसवराज इंजिन पिळतो,
पुढं बक्षीस ठेवल्यासारखा.
बूमचं पोट फुगतं, आणि चुरमुरे
तिच्या खालून, एकेक, मग घोळक्यानं,
पलीकडे.
"गेलं," वॉकीत कुणीतरी म्हणतं.

"आडवं धरू नका लगा," इराप्पा म्हणतो,
"आडवलं की पाणी खालनं जातंय.
तिरकं धरा. वाट दाखवली की येतंय."
हे माझ्या पुस्तकात आहे, पान एकेचाळीस,
कोनासकट, वेगाच्या कोष्टकासकट.
सहा वर्षं शिकवते आहे.
आज ऐकलं.

दुसरी फेरी तिरकी. हळू. इतकी हळू
की शौकतचा हात आपोआप बिडीच्या खिशाकडे जातो.
मी ओरडते, "डिझेल आहे!"
आणि तो खरंच दचकतो.
काडेपेटी पाण्यात.
सबंध सकाळीत एवढं एकच
मला हवं तसं झालं.

मग किनाऱ्यावर परातीत पाणी, वर काळं इंजिन ऑइल, खरं.
पिशवीतून मी टॉवेल काढते,
मागावरून उतरलेला, धुलाईला न गेलेला.
अप्पा अठ्ठावीस वर्षं अशाच टॉवेलांपाशी उभे होते.
गिऱ्हाईक तक्रार करायचं, नवा टॉवेल पाणीच टिपत नाही हो.
अप्पा म्हणायचे, धुवा, शिकेल.
हा अजून शिकलेला नाही.
पाण्याला शिवत नाही, तेल तेवढं पितो,
परातीचा तळ दिसेपर्यंत.
बारा माणसं वाकून बघतात.
मी मान वळवून उगाच दोर मोजते.

दुपारी फॉर्म.
ओतले : चाळीस किलो.
परत मिळाले : बासष्ट.
भिजलेत ना, बसवराज म्हणतो, वाळवून मोजू का?
जे परत मिळालं त्यात पाणी किती,
याला फॉर्ममध्ये रकाना नाही.
मी बासष्टच लिहिते. वर कळेल त्यांना.

आणि जे मिळाले नाहीत, ते तिथं,
बाभळींच्या सावलीत, पांढरी साय धरून.
आधी मासे येतात. पाण्याला बारीक बारीक तोंडं फुटतात.
इराप्पा खूश, उद्या जाळं इथंच.
मग पट्टकदंब उतरतात,
हिमालय ओलांडून थंडीपुरते आलेले,
काळ्या दोन रेघांची डोकी खाली घालून
मन लावून वेचतात.

होडी बांधून झाली. बूम घडी घालून ट्रकवर.
वॉकी अजून हातात आहे, चालू.
"डिझेल आहे," मी म्हणते,
फार मोठ्यानं नाही.

एकही दचकत नाही.